चारमिनारच्या दारातला ऐन

"दार बघा. मिनार नाही, दार," असं म्हणून चाचा भिंग माझ्या हातात देतात.

नांदेडच्या वजिराबादेतलं चहाचं हॉटेल. रविवार सकाळ. मागच्या खोलीत दोन टेबलं जोडली आहेत, त्यांवर वर्तमानपत्रं आणि वर्तमानपत्रांवर सतरंजीचा तुकडा. नाणं हातातून निसटलंच तर आपटायला नको. मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली आहे, पण बशा बाहेर जाऊन सगळ्यांचे हात साबणानं धुऊन होईपर्यंत एकही अल्बम उघडायचा नाही, हा इथला दंडक. तेलकट बोट लावणाऱ्यावर चाचा ओरडत नाहीत. नाणं काढून घेतात आणि पुढच्या रविवारपर्यंत दाखवत नाहीत.

भिंगाखाली चांदीचा रुपया आहे. त्यावर चारमिनार, आणि मधल्या कमानीत एक अक्षर. महबूब अली खान निजाम होते तोवर त्या कमानीत 'मीम' असायचा. १९११च्या ऑगस्टमध्ये ते गेले, उस्मान अली खान गादीवर आले, आणि मीम जाऊन 'ऐन' आला. इथपर्यंत कुणालाही कळेल. खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या, म्हणजे हिजरी १३२९ आणि १३३० सालच्या रुपयांवर हा ऐन दोन तऱ्हांनी सापडतो. एकात नुसतं वरचं वळण, शब्दाच्या आरंभी लिहितात तसं. दुसऱ्यात त्या वळणाखाली पूर्ण पोट, सुटं अक्षर लिहितात तसं. पोटवाला पुढे टिकला, छोटा तेवढ्यातच संपला. टेबलाभोवतीची ही मोठी, लेकुरवाळी, कर्जाचे हप्ते भरणारी माणसं त्या मिलिमीटरभर पोटासाठी आपला रविवार घालवतायत.

"मोठा आहे," मी म्हणतो.

"हौ, मोठाच. छोटा असता तर तुमच्या हातात दिलो असतो का?"

चाचांचं पूर्वी बाइंडिंगचं दुकान होतं. उर्दू तर येतंच, फारसीही लागते, म्हणून या खोलीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले सर. त्यांच्यापुढे मोटरसायकलचा मेकॅनिक, ज्याची नखं घासघासूनही काळीच राहतात, म्हणून तो चिमट्यानंच नाणं उचलतो. लोह्याकडच्या झेडपी शाळेतले मास्तर आणि मेडिकल चालवणारा एक तरणा पोरगा. सगळे हाली सिक्क्याच्या नादाला लागलेले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं नाणं वेगळं होतं: ते हाली, इंग्रजांचं ते कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा आजोबांच्या पिढीचा तोंडी हिशोब. सर बँकेतले, त्यांना तोंडी चालत नाही. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा पक्का दर ते सांगतात आणि वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीनं मांडतात. कलदार पुरता तोळाभर, ११.६६ ग्रॅम, हजारात ९१७ भाग चांदी. हाली ११.१७८ ग्रॅम, हजारात ८१८. म्हणजे एकात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम, दुसऱ्यात ९.१४. सहानं आणि सातानं गुणा. ६४.१४ आणि ६३.९८.

"आलं का सारखं?" सर विचारतात. वरच्या साहेबाला ताळेबंद जुळवून दाखवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आहे.

मेकॅनिक मान हलवतो, पण त्याचं लक्ष स्वतःच्या पाकिटाकडे आहे. आज त्याला एक रुपया दाखवायचाय. १३३०चा म्हणून घेतलेला, भाव चांगलाच मोजलेला. चाचा पाकीट न उघडताच, वरच्या पारदर्शक खिडकीतून बघतात.

"ये क्या है?" शेवटच्या आकड्यावर चिमट्याचं टोक.

"शून्य."

"शून्य ठिपका असतो. ये पाच है. तेराशे पस्तीस."

उर्दूतला पाच वाटोळा असतो, आपल्या शून्याचा भाऊच. खोलीत कुणी हसत नाही, कारण या पाचानं प्रत्येकाला एकदा तरी गाठलेलं आहे. मास्तर आपली चारेघी वही मेकॅनिककडे सरकवतात. वहीत पहिलीच्या पोरानं गिरवावेत तसे आकडे गिरवलेले: सात उघडा, आठ पालथा, दोन आणि तीन एका दात्याच्या फरकाचे. मास्तर दिवसा पोरांकडून पाढे म्हणून घेतात आणि रात्री जेवणानंतर हे गिरवतात. त्यांचे आजोबा उर्दूतून शिकले, वडलांना त्यातलं अक्षर येत नाही. घरात पत्र्याच्या पेटीत जमिनीचा जुना उर्दू कागद होता. तो वाचायला कुणीच नव्हतं, म्हणून नुसता पुजला जायचा. चाचांनी तो एका रविवारी वाचून दाखवला: विहिरीतला अर्धा हिस्सा आणि बांधावरच्या चिंचेचा उल्लेख. चिंच अजून आहे, मास्तर सांगतात. अर्ध्या हिश्श्याचा मात्र चुलतभावाशी विषय काढायचा नाही असं घरात ठरलंय.

आता सर नोटांचा अल्बम उघडतात. निजामानं १९१८ साली स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कानडी अशी राज्यातल्या सगळ्या भाषांत रक्कम. दहाची नोट उजेडाकडे धरली की त्यातली देवनागरी ओळ बारीक पण ठसठशीत दिसते. पण सरांना ओळीपेक्षा सह्यांचं वेड. अर्थखात्याचा मंत्री बदलला की सही बदलायची. एका नोटेवर गुलाम मुहम्मद यांची सही आहे, हे पुढे १९५१ साली पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. दुसरीवर झाहिद हुसेन, पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. आणि शेवटी शेवटी डॉ. जी. एस. मेलकोटे, निजामाविरुद्धच्या लढ्यातले काँग्रेसवाले. सर तिन्ही नोटा एका पानावर शेजारी शेजारी ठेवतात. माझ्या मते अख्ख्या खोलीतलं हे सर्वांत शहाणं पान. चाचांना मात्र कागदाचं कौतुक नाही. "कागज को क्या, वाळवी खाती."

वाळवीपेक्षा माणूस वाईट. एका ओळखीच्या गृहस्थांनी निजामाची पाचाची नोट जन्मभर टिकावी म्हणून लॅमिनेट करून घेतली. ती टिकेल, यात शंका नाही. घेणार मात्र कुणी नाही. प्लॅस्टिकचे साधे स्वस्त अल्बम असतात, त्यांत दोन पावसाळे नाणं राहिलं की हिरवा चिकट थर धरतो. आणि दिवाळी! पंधरा-वीस चारमिनार काळे पडलेत म्हणून मेकॅनिकच्या घरच्यांनी ते समईबरोबर पितांबरीनं घासून लखलखीत केले. त्याला दाखवायला ताटात मांडूनही ठेवले. शंभर वर्षांत हवेनं चढवलेली काळी झाक हीच नाण्याची अब्रू, ती गेली की ते नाणं उरत नाही, नुसती चांदी उरते. मेकॅनिक त्या दिवशी काय बोलला ते सांगत नाही. बायको काय बोलली ते सांगतो: "घासलं तरी रुपयाच राहिला ना?"

मेडिकलवाल्या पोराचं मूळ वेड वेगळं. त्याच्या बॅगेत अजून कुस्तीवाल्यांचे ट्रम्प कार्ड आहेत, उंची, वजन, दंड, लढती लिहिलेले, आणि बबलगमच्या पाकिटातून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रं. शाळेत असताना मास्तरांनी (दुसऱ्या) एकदा सगळा गठ्ठा जप्त केला, तो परत मिळालाच नाही. आता दुकानाच्या गल्ल्यातून एकेक परत विकत घेतो आहे. तो अमेरिकेतली गोष्ट सांगतो. तिथं बेसबॉल खेळाडूंचे असेच पत्ते गमबरोबर निघायचे. टॉप्स कंपनीचा १९५२ सालचा माल खपला नाही, आणि तो पुढे बोटीतून नेऊन समुद्रात बुडवला, असं कंपनीच्याच माणसानं नंतर सांगितलं. त्याच मालातला मिकी मँटलचा एक पत्ता २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेला.

"समुद्रात टाकला म्हणून गेला," सर म्हणतात. "आपल्याकडं समुद्र नाही, सोनार आहेत."

हाली रुपया पन्नाशीच्या दशकात चलनातून गेला. लोकांनी घरातले रुपये सोनाराकडे नेले, तोडे केले, जोडवी केली, लेकीच्या लग्नात आटवले. ज्याला कुणी आटवलं नाही ते आता टेबलावर आहे.

यावरून या खोलीतलं कायमचं भांडण निघतं. समोरच्याकडं छोटा ऐन आहे आणि त्याला ते माहीत नाही. सांगायचं का? सर म्हणतात, नाही. मी शिकायला वर्षं घातली, त्याचं मोल ते. मेडिकलवाला म्हणतो, "तेराशे पस्तीस तेराशे तीस म्हणून विकणारानं सांगितलं का?" मेकॅनिक गप्प. चाचा सतरंजीवरचं एक नाणं उलटं करतात, पुन्हा सुलटं करतात. "सांगायचं. आणि मग घेता आलं तर घ्यायचं." सर चष्मा पुसायला लागतात. मला वाटतं, या छंदाचा निम्मा आनंद समोरच्याच्या अज्ञानावर चालतो, आणि हे मान्य करणारा संग्राहक मी तरी पाहिलेला नाही.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजतो. कुणाच्या तरी शेतात नांगराला हंडा लागलाय, येऊन बघता का? मास्तर चाचांकडे बघतात. "कलेक्टरला सांग म्हणा," चाचा एवढंच म्हणतात. १८७८चा कायदा आहे, जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला तर सरकारला कळवायचा. फोनवरचा माणूस कळवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तर "पेपर तपासायचेत" म्हणून फोन ठेवतात.

दुपारी आम्ही गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यानं निघतो. सचखंड हुजूर साहिबची गर्दी, पंजाबातून आलेले जथे, कडी-कंगव्यांची दुकानं. फुटपाथवर एकानं चादर अंथरून नाणी मांडली आहेत. त्यात पितळी, जाडजूड, रामदरबाराचं चित्र असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८'. कंपनीनं असलं नाणं कधी काढलंच नाही. देवळाबाहेर विकायला पाडलेला हा बिल्ला देशभर मिळतो, कधी हनुमान, कधी गुरू नानक. सरदारजींची एक आजी दोन्ही हातांत घेऊन तो कपाळाला लावते आणि विकत घेते. सर तिला सांगायला पुढे होतात, पण मास्तर त्यांची बाही ओढतात.

"मघाशी तर सांगायचं नाही म्हणत होता."

"ते वेगळं!"

"तिनं नाणं घेतलंच नाही, सर. देव घेतला."

चादरवाल्याकडे सरकारी स्मारक नाण्यांच्या डब्याही आहेत. गुरू गोविंदसिंगांच्या ३५०व्या प्रकाशपर्वाचं ३५० रुपयांचं नाणं २०१९च्या जानेवारीत निघालं. गुरूंनी देह ठेवला तो इथं, नांदेडला, १७०८ साली. नाण्यावर मात्र जन्मस्थान, पाटणा साहिब. नांदेडकर ते उलटून पालटून बघतो आणि आपलं गाव शोधतो.

आम्ही नाणेवाले आहोत हे चादरवाल्यानं कुणाला तरी सांगितलेलं असतं. एक माणूस धापा टाकत येतो. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून रुमाल, रुमालातून ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट. नंबरात ७८६. मोबाईलवर बघितलंय, अशा नोटेला लाखो मिळतात. समोरच्या पार्टीनं फक्त नोंदणीचे पैसे आधी मागितलेत.

"भरले?" मेडिकलवाला विचारतो.

"अर्धे."

रिझर्व्ह बँकेनं २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावानं शुल्क मागणारे फसवे आहेत. सर त्याला हे सांगतात, बँकेत गिऱ्हाइकाला सांगत असतील तसंच, शांतपणे, दोनदा. तो ऐकून घेतो. मग विचारतो, "मग तुम्ही किती देता?" मेकॅनिक पाकिटातून दहा रुपये काढून देतो आणि नोट घेतो. उरलेले अर्धे भरू नका, असं बजावतो. सात-आठ-सहाची हौस त्यालाही आहे, फक्त ती तो आमच्यापुढे दाखवत नाही.

मास्तरांना लातूरला जायचंय, मी त्यांच्याबरोबर लालपरीत चढतो. लोहा, अहमदपूर, चाकूर. मास्तर खिडकीशी, मांडीवर बॅग, बॅगेवर हात. अल्बम घेऊन रात्रीच्या गाडीनं जात नाहीत ते. बसमध्ये अल्बम हा शब्दही काढत नाहीत. कंडक्टरनं काय आहे विचारलं तर "वह्या".

लातूरच्या गंजगोलाईत उतरतो तेव्हा ऊन कललेलं. मधे देवीचं मंदिर असलेली गोल इमारत, तिच्यातून सोळा रस्ते फुटलेले, प्रत्येक रस्त्याचा धंदा निराळा. मास्तर भांड्यांच्या गल्लीवरून न बघता पुढे जातात आणि एका सराफाच्या दुकानात चप्पल काढून बसतात. मोडीत आलेली चांदी आटवायच्या आधी त्यांना बघायला मिळते, एवढा घरोबा त्यांनी केलेला आहे. सराफ चहा सांगतो.

आमच्या आधीच एक म्हातारी बसलेली आहे, तांड्यावरची. कपाळावर गोंदण, हातात बलोती, अंगावर काचबिलोऱ्यांची काचोळी. तिनं काचेवर एक माळ ठेवली आहे. लाल-काळ्या दोऱ्यात ओवलेले रुपये, प्रत्येकाच्या माथ्याला कडी डाकलेली. नातू लातुरात क्लासला आहे, डॉक्टर व्हायचंय त्याला. फीचा हप्ता सोमवारी.

"सगळी मोडायलाव का आजी?" मास्तर विचारतात.

"मोडतेच की. ठिवून काय खायची?"

सराफ माळ काट्यावर घालायच्या आधी मास्तर परवानगी मागून ती हातात घेतात. भिंग निघतं. राणीछाप, राणीछाप, राजाछाप, चारमिनार. या चारमिनारच्या दारात मीम. पुढचा चारमिनार. मास्तरांचा श्वास ऐकू येतो. ते माळ उजेडाकडे नेतात, दार बघतात, साल बघतात, पुन्हा दार. मला भिंग देत नाहीत. कडी नेमकी मिनाराच्या माथ्यावर डाकली आहे, टाक्याचा राखाडी ओघळ खाली आलेला. डाकलेल्या नाण्याचा भाव पडतो, हा पहिला धडा. पण दार स्वच्छ आहे. वळण आहे आणि वळणाखाली काही नाही.

सराफ काटा पुसतो आहे. म्हातारी चहाची वाट बघते आहे. मास्तरांनी फक्त एवढं म्हणायचंय की हा एक मला द्या, वजनाच्या भावानं. आमच्यासारख्या गिऱ्हाइकाला सराफ नाही म्हणत नसतो.

"आजी," मास्तर म्हणतात आणि थांबतात. मग एका दमात: "ह्या एकाला मी चांदीच्या भावापेक्षा जास्त देतो. डबल."

सराफाचा हात काट्यावरच राहतो. "का हो? काय बघायलाव त्यात?"

मास्तर दार दाखवतात. ऐन, छोटा, मोठा, १३२९, सगळं सांगून टाकतात. सराफ भिंग लावून बघतो आणि हळूच मान डोलावतो. "असं आहे होय! गेल्या महिन्यात हैदराबादचे दोघं आलते. तेबी दारच बघायलते. मला वाटलं चांदी बघायलेत." मग जरा दुखावल्या स्वरात, "पाच नेले माझ्याकडनं. वजनावर."

म्हातारी हे सगळं ऐकते आहे. ती माळ मास्तरांच्या हातातून काढून घेते, दोऱ्याची गाठ दातानं सोडते आणि राणीछाप-राजाछाप तेवढे ओघळवून काचेवर ठेवते. चांदी त्यांच्यात जास्त, हे तिला सराफानं सांगायची गरज नाही. चारमिनार दोऱ्यातच राहू देते आणि नवी गाठ मारते.

"आजी, डबल म्हणालो मी."

"आयकलं की. आज डबल म्हणतूस. हैदराबादचे आले म्हंजी काय म्हणतील?" ती माळ कमरेच्या कोथळीत सारते. "आन त्येचा बाप कोयत्यावरनं आला की उचल मिळंलच. तवर भागतंय ह्येच्यात."

सराफ रुपये तोलतो, घट धरतो, पैसे मोजतो. म्हातारी त्याच्याकडून पुन्हा मोजून घेते, चहा पिते आणि उठते. मास्तर रस्त्याकडे बघत बसतात. सराफ काचेवरची माळेची लव फुंकतो.

"मास्तर, तुम्ही तोंड उघडायला नको होतं."

"तुम्हाला दार माहीत झालं ना? मग?"

सराफ हसतो, गल्ल्याच्या खालचा कप्पा उघडतो, चाचपून काहीतरी काढतो आणि मूठ मिटूनच काचेवर ठेवतो. "भोकाचा पैसा आहे. इंग्रजाचा निघाला तर किती आन निजामाचा निघाला तर किती, ते आधी सांगा."

इंग्रजांनी १९४३ ते ४७ मध्ये भोकाचा पैसा पाडला तो ढिगानं मिळतो. निजामाचा दोन पैचा त्याच काळातला, भोकाचाच, पण मास्तरांच्या अल्बममध्ये त्याच्या एका सालाची खिडकी रिकामी आहे.

"मूठ तर उघडा."

"आधी भाव."

"बघितल्याशिवाय भाव कसा सांगू?"

"मी बघू दिल्यावर तुम्ही खरा सांगणार का?"

मास्तर बॅगेतून चारेघी वही काढतात, मागच्या पानावर दोन आकडे लिहितात आणि त्यावर तळहात ठेवतात. आता दोघांचेही हात काचेवर आहेत, आणि पोरगा दुसरा चहा ठेवायला जागा शोधतो आहे.